डोंगरकाकांच्या घरातला जिना

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, निवृत्त मोजणी अधिकारीसाहेब. व्यासपीठाची शोभा वाढवणाऱ्या प्रमुख पाहुण्या, नेत्रतज्ज्ञ डॉक्टरबाई. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, आपले डोंगरकाका. पहिल्या रांगेत बसलेल्या, उद्या काकांना कायमचं आपल्या घरी नेणाऱ्या त्यांच्या कन्या, आपल्या ताई. आमच्या मंडळाचे आजी-माजी सेनापती, आणि या सेनापतींना दर रविवारी घराबाहेर सोडणारी त्यांची सोशिक घरची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी खाली औषधाचं दुकान चालवतो. माझं बोलणं ‘दोन जेवणानंतर, एक झोपताना’ याच्या पुढं सहसा जात नाही. तरी निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं, कारण काकांचं शिंप्याचं दुकान आणि माझं दुकान यांच्यामध्ये वीस वर्षं एकच भिंत होती. अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. भाषण संपलं की माझ्या उजव्या हाताला, त्या टेबलावर हिरव्या कापडाखाली जे झाकून ठेवलंय, ते उघडून काकांच्या हाती सोपवायचं, असं पत्रिकेत छापलंय. म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी सात मिनिटांत आटोपणार नाही. साहेब, घंटी वाजवलीत तरी माझी हरकत नाही.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी दोन शब्द सांगायला हवेत. आम्ही वयानं मोठी, निदान दिसायला तरी मोठी माणसं. रविवारी या हॉलमध्ये टेबलावर बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडतो, फासे टाकतो आणि लढतो. सैनिक विकत मिळतात हो. पण लढायला जमीन नको का? टेकड्या हव्यात, पडक्या भिंती हव्यात, पूल, घरं, सगळं हवं. काका येण्याआधी आमचे डोंगर प्लास्टरचे होते. बँकेतले आमचे भाऊ तिकडं मागं बसलेत, त्यांना विचारा. एक डोंगर कपाटात ठेवताना कमरेत जी उसण भरली, तिनं दीड महिना अंथरुणावर पाडलं. वीस वर्षांच्या युद्धांत आमचा जायबंदी झालेला सेनापती तो एकच.

काका पहिल्यांदा वर आले ते भांडायला. आमचा डोंगर पडला होता आणि छताची पांढरी धूळ खाली त्यांच्या नव्याकोऱ्या कोटावर. आले, तावातावानं दोन वाक्यं बोलले आणि मध्येच थांबले. त्या डोंगराच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा कुणी कापला? याला फिटिंगच नाही.”

पुढच्या रविवारी ते एका बोटावर डोंगर घेऊन आले. खरंच एका बोटावर, जिन्यावरून, दुसऱ्या हातात चहाचा कप. छपराखाली ऊन अडवायला घट्ट फोमचे पत्रे घालतात ना, त्यातला तुकडा. तापलेल्या तारेनं कापलेला, बाहीचा कागद कापावा तसा, आधी कागदावर माप काढून. चंदेरी कागदाचा चुरगळलेला बोळा त्यावरून फिरवून दगडाची खडबड उठवलेली. वर गोंदपाणी, वाळू, काळा रंग, मग राखाडी. आम्ही हात लावायला घाबरत होतो. काका म्हणाले, “उचला की. मैदान हलकं पाहिजे, खेळ जड असू दे.”

हलकं म्हणजे किती हलकं? ऐन वेढ्यात कुणीतरी पंखा लावला आणि आमचा किल्ला उडून डॉक्टरबाईंच्या यजमानांच्या चहात पडला. तेव्हापासून काका प्रत्येक भिंतीच्या बुडाशी लोखंडी वायसर चिकटवायला लागले. आणि त्याच आठवड्यात कपाटाच्या दारावर त्यांच्या हस्ताक्षरातली ती पाटी लागली: ‘आधी गोंद, मग फवारा.’ नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीच वाचायला लावतात. डब्यातला फवारा उघड्या फोमवर पडला, तर तो फोमला विरघळवून खातो. गोंदाचा थर असेल तर वाचतो. एवढं एक वाक्य ज्याला कळलं, तो आमच्या मंडळात बसायला लायक.

ही पाटी मी वर्षानुवर्षं वाचतोय. पाणी घेतो जरा. माफ करा.

दोन वर्षांपूर्वी काकांची सुई त्यांच्या डोळ्यांसमोर दिसेनाशी झाली. बाजूची दिसायची, समोरची नाही. डॉक्टरबाई, तुम्ही त्यांना खरं ते स्पष्ट सांगितलंत, हे थांबवता येणार नाही म्हणालात. काका तुमचे आभारी आहेत. मी नव्हतो, मी तेव्हा तुमच्यावर चिडलो होतो. आज या निमित्तानं तेही सांगून टाकतो.

त्यानंतर काकांनी डोंगर करणं सोडलं आणि एकच काम हातात घेतलं. अकरा महिने. मधल्या भिंतीतून तारेचा जळका वास यायचा आणि थोड्या वेळानं काका मलम मागायला यायचे. मी म्हणायचो, “काका, तार दिसत नाही तर कापता कशाला?” ते म्हणायचे, “दिसत नाही, पण ऊब लागते ना.” दहाही बोटं भाजलेली. ताई, हे तुम्हाला सांगू नको म्हणून मला दम होता.

ते घर करत होते. तुमचं घर, ताई. काका आणि काकू एकतीस वर्षं राहिले ते, रस्ता रुंद करायला पाडलं ते. वीतभर लांब, तसंच उंच. छप्पर उचललं की निघतं. खाली स्वयंपाकघर, वर खिडकीची खोली जिथं काकू शेवटची दोन वर्षं पडून होत्या, आणि मधोमध तेरा पायऱ्यांचा जिना. मी विचारलं, “काका, इतकी बारीक फरशी कोरताय, दिसणार कुणाला?” ते म्हणाले, “दिसायला नाही रे गोळीवाल्या. डोळे पुरते गेले की बोटांनी घरी जाईन.”

आता ते कापड कशावर आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

अध्यक्ष, घंटी ऐकली. दोन मिनिटं द्या. नाही, जास्त लागतील.

गेल्या आठवड्यात काका ते घर माझ्याकडं घेऊन आले. म्हणाले, “शेवटचा वार्निशचा फवारा तेवढा मार. माझ्याच्यानं एकसारखा बसायचा नाही. तू लेबलं वाचणारा माणूस आहेस.” मी बाटली तीनदा वाचतो म्हणून सगळं गाव मला हसतं, आणि काकांनी त्याच भरवशावर माझ्या हातात घर दिलं. पाटी मला पाठ होती. मी भिंतींना, छपराला बाहेरून गोंदाचे आणखी दोन थर दिले. वाळू दिले. काल दुपारी दुकानामागच्या अंगणात घर ठेवलं आणि फवारलं. सुंदर बसला, काका. एक ओघळ नाही.

मग मला वाटलं, आतूनही टिकायला हवं. बोटं आतच तर फिरणार आहेत. मी छप्पर उचललं.

तुम्ही मला सांगितलं होतं, काका. तीन महिन्यांपूर्वी, तुमच्या कापायच्या टेबलाशी. “आतून गोंद लावलेला नाही हं. गोंदानं बारीक रेघा बुजतात, बोटाला लागत नाहीत. आत कच्चंच ठेवलंय.” मी हो म्हणालो होतो. कुणाला तरी सुटे पैसे हवे होते, मी तिकडं वळलो आणि ते वाक्य तिथंच राहिलं.

मी आत फवारा मारला.

तव्यावर लोणी सोडल्यावर ते जसं बसत जातं ना, तसं आतलं घर बसत गेलं. आवाजसुद्धा होतो, बारीक. मी फुंकर मारली. डबा हातात धरून मी वर्तमानपत्रानं वारा घालत होतो, अध्यक्ष, एवढा शिकलेला माणूस. बाहेरच्या भिंती जशाच्या तशा उभ्या आहेत, कुणालाही कळणार नाही. आत वरची खोली नाही. खिडकी नाही. जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या आहेत, नऊ नाहीत.

भाऊ, बसा. कुणी काही बोलू नका, मला पुरं करू द्या. एकदा थांबलो तर पुन्हा तोंडातून शब्द निघायचा नाही.

छप्पर लावून गप्प बसावं, हे माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू? उद्या सकाळची गाडी आहे. काका गाडीत बसतील, ताईंच्या घरी पोचतील, एखाद्या दिवशी छप्पर उचलतील, तेव्हा मी समोर नसेन. आज इकडं निघताना माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “अहो, उद्या फोनवर सांगाल तर माझ्याशी बोलायचं नाही. आज सांगा, आणि त्यांच्या तोंडावर सांगा.” ती त्या दाराशी उभी आहे. बसलेली नाही. मी पळून जाईन अशी तिला शंका असावी.

आज सकाळपासून मी अकरा जिने कापलेत. तार आणली, फोमचा पत्रा आणला, काकांचे जुने कागदी साचे शोधले. घराच्या बाहेरच्या भिंतींचे साचे सापडले, जिन्याचा नाही. जिना त्यांनी साच्याशिवाय केला होता, पायाला आठवत होता तसा. माझे अकराही जिने सरळ आले, एकेक पायरी दुसरीसारखी. कुठल्याही घरातले वाटतात. ते मी पिशवीत भरून ठेवलेत आणि पिशवी टेबलाखाली आहे, तार आणि उरलेला पत्राही तिथंच.

काका, उठू नका. नको काका, मी घेऊन येतो तिथं. ताई, हात धरा त्यांचा. अहो, कुणीतरी खुर्ची सरकवा मधली.

बरं. या. हे टेबल. कापड मी काढतो. हे छप्पर, मी उचलतोय. हात द्या. हा दरवाजा, हे स्वयंपाकघर. इथपर्यंत सगळं आहे, काका. ओटा आहे. खालची फरशीही राहिलीय, जपून... आणि हा जिना. एक. दोन. तीन. चार.

पुढं नाही, काका.

मागं ऐकू आलं नसेल. काकांनी विचारलं, “मग वर कसं जायचं?”

मला माहीत नाही, काका. तुम्ही ओरडा माझ्यावर. कोटावर धूळ पडली तेव्हा ओरडला होतात तसे ओरडा. हे असं हळू आवाजात विचारू नका.

अध्यक्षमहोदय, पत्रिकेत यानंतर मानपत्र आहे, पुष्पगुच्छ आहे, डॉक्टरबाईंचे दोन शब्द आहेत. मी हात जोडून विनंती करतो, ते सगळं राहू द्या. गाडी उद्या सकाळी आहे. आजची संध्याकाळ मला द्या. काकांना दिसत नाही, मला दिसतं. मला आठवत नाही, त्यांना आठवतं. त्यांनी सांगायचं, मी कापायचं, त्यांनी हात लावून बघायचं, नाही जमलं तर पुन्हा कापायचं. नऊ पायऱ्या आणि एक खोली. सकाळपर्यंत होईल की नाही, मला ठाऊक नाही. नाही झालं तर मी त्यांच्याबरोबर त्या गाडीत बसेन, दुकान बंद राहील. भाऊ, त्या बोर्डाचं बटण दाबा, तारेला तापायला वेळ लागतो. आणि पंखे बंद करा.

आपण सर्वांनी माझं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. मंडळानं ही संधी दिली, त्याबद्दल मंडळाचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर तो सभागृहानं पोटात घालावा. दुसऱ्या चुकीबद्दल मी सभागृहाकडं काही मागत नाही. ती ज्यांनी पोटात घालायची, त्यांचा हात अजून चौथ्या पायरीवर आहे. मी थांबतो, काका. तुम्ही म्हणाल तोवर इथंच उभा आहे.

काय म्हणालात?

पाचवी. हो, काका. पाचवी पायरी. डाव्या बाजूनं झिजलेली होती, काकू पाण्याची बादली तिथं टेकवून दम घ्यायच्या. हो. लिहितोय, काका, बोला. केवढी झिजलेली?

करंगळीभर. बरं, काका. करंगळीभर.