चौथ्या वर्तुळातल्या चपला

लसीच्या रांगेत माझ्यामागे कारखान्याचे साहेब आणि त्यांचा ड्रायव्हर होते. समोर फुकट धान्याची रांग होती. चुन्याच्या वर्तुळांत माणसांऐवजी नुसत्या चपला.

"बघ, फुकटचं घ्यायलासुद्धा उभं राहवत नाही. खायला काळ अन् भुईला भार!"

"अंतर ठेवायला सांगितलंय, साहेब. धान्य रोज संपतं, म्हणून चपला रात्रंदिवस ठेवतात."

"आपला पॅकिंगवालाही तसलाच. तीनदा बोलावलं, आला नाही."

"त्या चौथ्या वर्तुळातल्या चपला त्याच्याच."

"म्हणजे ठणठणीत आहे! कुठाय?"

"परवा इथंच कोसळला. अनवाणीच उचलून नेला. दवाखाना यायच्या आत गेला."

"अरे! मग चपला अजून इथं?"

"मी उचलायला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, राहू द्या भावजी, नंबर जाईल."