घड्याळवाल्या बाईंचा ओटा

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं बारके, तू होय! नाव बघितलंच नाही, हात ओले आहेत माझे. फडकी धुतेय… सगळीच गं. ओट्याची, सिंकची, काचेची. मंगळवार ना आज, रिकामाच असतो आता माझा मंगळवार. घड्याळवाल्या बाई मुलाकडे राहायला गेल्या आणि हा दिवस नुसता खायला उठतो बघ… हं… बोल की, ऐकतेय मी. एवढी धापा का टाकतेयस?

डाग? कसला डाग?… थांब, थांब. आधी श्वास घे. ताई कुठं पळून जात नाही… हां. ओट्यावर. कशाचा ओटा?… पांढरा म्हणजे टाइल की दगड?… मार्बल. बरं. आणि काय सांडलंस त्यावर?

व्हिनेगर?

अगं बाई… मार्बलवर व्हिनेगर! तुझं डोकं काय… नाही, ओरडत नाहीये. हा माझा साधाच आवाज आहे. कसं पडलं ते सांग… हं… नळाला पांढरा थर चढला होता… हं… म्हणून फडकं भिजवून नळाला गुंडाळलंस. मग ते बरोबरच केलंस की, मीच शिकवलंय… आणि तोवर फ्रिज पुसायला गेलीस… आणि फडकं बसलं ठिबकत! अगं, पिळायचं असतं ते! नुसतं ओलसर ठेवायचं, खाली वाटी लावायची… हो, आपल्याकडे नाही काही होत, आपला नळ सिंकवर आहे. हा ओट्यात बसवलाय ना? मग सगळं दगडावरच येणार. दुसरं कुठं जाईल?

कोणाचं घर आहे पण?… मैत्रीण? कुठली मैत्रीण?… मी नाही ओळखत. बरं. मैत्रिणीकडे जाऊन नळ कसले घासतेस? कामाला जाताना पाय ओढत जाशील, आणि सुट्टीला हात शिवशिवतात तुझे… पाहुणे यायचेत तिच्याकडे. बरं बाई, बरं. मोठी परोपकारी तू.

आता ऐक. अजिबात घासायचं नाही… घासलंस? कशानं?… हिरव्या घासणीनं?… बारके, ती घासणी खाली ठेव. आत्ताच्या आत्ता. मार्बलला हिरवी घासणी लावणं म्हणजे तोंड विटेनं घासणं आहे गं… ठेवलीस? आता फोन स्पीकरवर टाक आणि हात मोकळे कर.

साधं पाणी घे. भांडी पुसायचं फडकं नको, मऊ घे… टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. बाळाचं तोंड टिपतो तसं… हो. पुन्हा स्वच्छ पाणी. पुन्हा टिप… आता खायचा सोडा लागेल. बघ मैत्रिणीकडे आहे का… मग शोध ना, स्वयंपाकघर आहे ते, समुद्र नाही… काय झालं?… खालचा खण उघडत नाही? ओढू नकोस तसा. जरा वर उचल आणि मग ओढ… बघ! उघडला ना? असे असतात एकेक खण. घड्याळवाल्या बाईंचाही अगदी असाच होता, आठवतोय? पहिल्या दिवशी मूठच हातात आली होती तुझ्या. बाई हसल्या होत्या तेव्हा. त्या क्वचितच हसायच्या.

सोडा मिळाला? पाण्यात कालव. पातळ नको, दाटसर. डागावर थाप आणि सोडून दे. हात लावायचा नाही.

मी तुला काय सांगत आले, सांग बरं? लोकांच्या स्वयंपाकघरात शिरलं की आधी हात मागं बांधून उभं राहायचं. नुसतं बघायचं. दगड कसला, गॅसची शेगडी कसली, घरातल्या बाईचा हात कुठं कुठं जातो. मग चिमणीची जाळी काढून गरम पाण्यात टाकायची, म्हणजे आपण बाकीचं करेपर्यंत ती भिजते. मग वरून खाली यायचं. आधी कोरडं, मग ओलं. आणि ओट्यावरची वस्तू उचलण्याआधी फोटो काढायचा… अगं, चेष्टा काय करतेस, फोटोमुळेच तर लोक ठेवतात आपल्याला. मिठाची बरणी रोजच्या जागेवर सापडली की बाईला वाटतं, घर आपलंच आहे. नाही सापडली की वाटतं, कोणी परकं येऊन गेलं… हो, तू फोटो काढतेस, माहितीये. ओटा मी तुझ्या हातात दिलाच नाही ना कधी, म्हणून हे… काय?… नाही, काही नाही. बोल.

कसला आवाज येतोय तो?

…नाही, थांब. गप्प बस जरा.

ठोके पडतायत… हे मोठं… आता दुसरं, किणकिणणारं…

बारके.

आता तिसरं. ते बघ, वाजायच्या आधी खोकलं.

टीव्ही? कुठल्या टीव्हीत गं तीन घड्याळं एकामागोमाग एक चुकीची वाजतात? शेवटचं खोकून मग वाजतं? इतकी वर्षं ऐकलेत मी ते ठोके. बाईंचे यजमान गेल्यापासून ती घड्याळं कोणी जुळवली नाहीत, आणि बाईही कोणाला हात लावू देत नाहीत. मला वेगळं काय सांगतेस तू? मी झोपेतसुद्धा ओळखीन ती घड्याळं.

कुठं आहेस तू?

बोल ना. आता कुठं गेली तुझी मैत्रीण?… मुलाकडे गेल्या ना बाई? घर बंद केलंय ना? तूच आलीस सांगत. याच, याच टेबलाशी बसून म्हणालीस, “ताई, बाईंनी निरोप दिलाय, आता येऊ नका.” मी तुला विचारलं, जाताना एकदा भेटावंसंही वाटलं नाही का गं त्यांना? तेव्हा तू काय म्हणालीस? “जाऊ दे ताई, मोठी माणसं अशीच असतात.” वर माझ्या पाठीवरून हात फिरवलास. हात फिरवलास गं!

…रडू नकोस. डोळ्याचं पाणी ओट्यावर सांडशील. सोडा तसाच आहे ना? राहू दे. त्याला वेळ लागतो.

कधीपासून जातेस?… म्हणजे एक मंगळवारसुद्धा चुकला नाही. मी इथं फडकी वाळत घालत बसायची, आणि तू “डॉक्टरकडे जाते,” “बँकेत जाते” म्हणून त्याच दारातून… मी आपली म्हणायची, पोरीचं काहीतरी दुखतंय, सांगत नाही. काळजी करत होते मी तुझी. केसानं गळा कापलास तू माझा. आणि मला कळलंही नाही, इतका मऊ हात तुझा.

कोण आलं?… कोण बोलतंय मागं?… बाई आहेत. मला विचारतायत ना? मी ऐकलं, “ताई आहे का?” म्हणाल्या… नको कसं? त्या मागतायत फोन. दे त्यांना… बारके, दे म्हणते ना.

हॅलो… नमस्कार बाई… हो, मीच. पुष्कळ दिवस झाले, हो… मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे?… हात?… कुठला हात, बाई?… माझा?

…असं सांगितलं तिनं?

…नाही, नाही. म्हणजे… हो. उजवाच… वजन नाही उचलवत, हो. पिळायला गेलं की कळ येते… आता कमी आहे जरा… गोळ्या? घेते ना, घेते… झोप येते खरी त्यांनी. दिवसासुद्धा, हो… काम सोडायचं जिवावर आलं होतं, पण काय करणार…

रागावून? छे हो बाई! तुमच्यावर कशाला रागवेन मी?… एक फोन करायला हवा होता मी. चुकलंच माझं… तुम्ही वाट बघितलीत?… दोन कप ठेवायचात?… नाही, ऐकू येतंय बाई.

मिळालं का? काय, बाई?… घड्याळ… यजमानांचं. खिशातलं. तिच्या हाती दिलं होतंत…

…मिळालं. हो, मिळालं बाई. छान चालतंय… उशाशीच असतं… नाही, मागं पडत नाही. बरोबर वेळ दाखवतं… तुम्हीही जपा. देता तिला फोन? हो… हो. येते एकदा. येते नक्की.

आहेस का?… बाई बाहेर गेल्या? दार ओढून घे.

कुठं आहे ते घड्याळ?

…तुझ्या कपाटात. साड्यांच्या खाली. अगं, ते विकलं असतंस तरी इतकं लागलं नसतं मला. त्या बाईनं नवऱ्याच्या खिशातलं घड्याळ काढून माझ्यासाठी दिलं, आणि त्यांना वाटतंय की ताईनं घेतलं आणि साधं “पोचलं”सुद्धा म्हणाली नाही. मला वाटतंय की बाईंनी मला पायपुसणं समजून बाहेर टाकलं. दोन म्हाताऱ्या एकमेकींवर रुसून बसल्या, आणि मधे उभी राहून तू दोघींचे डोळे पुसत होतीस.

आभार? कसले आभार मानतेस?… हो, बोलले खोटं. लाज राखली तुझी. तोंडातून निघूनच गेलं. तुला सांभाळायची सवय लागलीय मला, तुला चालता येत नव्हतं तेव्हापासूनची.

का केलंस पण? एवढंच सांग… हं… हं… अगं, मोठ्यानं बोल. पुटपुटू नकोस… “जिथं जाईन तिथं ताईची बहीण”… बरं… “माझ्यामागं येऊन सगळं पुन्हा पुसतेस”… पुसते. पुसतेच मी. तू कोपरे सोडतेस म्हणून पुसते!… बरं, बरं, तुझं होऊ दे… “एक तरी घर माझं म्हणायला हवं होतं.”

मग मागायचं होतंस! बारके, मागायचं होतंस गं. मी भांडले असते, दोन दिवस तोंड फुगवून बसले असते, आणि मग दिलं असतं. कुठलंही दिलं असतं. तुला माहितीये हे. माहितीये ना?… मग चोरलंस कशाला?… आणि माझा धडधाकट हात तोडून टाकलास त्यासाठी. उद्या बाई आणखी कोणाला सांगतील, ती पुढच्या कोणाला सांगेल. मला कोण बोलावणार कामाला? हातच गेलेल्या बाईला?

थांब. आधी दगड.

सोडा उचल आता ओल्या फडक्यानं. अलगद… कोरडं कर. काय दिसतंय?… पांढरट कडं उरलंय ना, हात फिरवला की खरखरीत लागतं? तो डाग नव्हे. तिथली चकाकीच गेलीय. पुसून नाही जायची ती. मार्बलची पावडर लागेल, माझी निळी डबी… तुझ्याकडेच आहे?… अरे वा. मी सगळं घर उलथंपालथं केलं तिच्यापायी. घे मग, काढ. चिमूटभर पावडर, पाण्याचे थेंब, जाड सुती फडकं. गोल फिरव. दाबून, पण एकाच जागी नाही. कडेकडून आत ये… फिरवत राहा. हात दुखेल. दुखू दे… आता पूस. उजेडाकडे वाकून तिरकं बघ… आली? जराशी? मग आणखी दोनदा कर, येईल. बाईंच्या ओट्यावर कडं राहता कामा नये.

झालं?… बरं.

आता बाईंना आत बोलाव… बोलाव म्हणते ना. मी फोन ठेवत नाहीये. तू त्यांना सांगायचंस की ताईच्या हाताला काही झालेलं नाही. ताईला ठाऊकच नव्हतं. बस, एवढंच. घड्याळाचं मी सांगते मागाहून… घर तुलाच राहू दे! घर नकोय मला. त्यांनी तुलाच ठेवलं तरी चालेल मला, खरंच चालेल. फक्त त्यांना कळू दे की मी सोडून गेले नाही… मी नाही सांगणार. तू सांग. तुझ्या तोंडून आलं तर मी पुन्हा तुझं तोंड बघेन, बारके. नाहीतर नाही जमायचं मला. स्पष्ट सांगते… हो. भीती वाटते, माहितीये. मी आहे ना लाइनवर. बोलाव त्यांना.

आल्या?… हं. सांग.

…बोल ना गं.

काय?… फोनवर हात कशाला ठेवलास? तरी ऐकू येतंय मला. काय सांगतेयस त्यांना?… “ताईला गुंगी आलीय”?… “गोळ्यांनी काहीबाही बोलतेय”? बारके!… बाई! बाई, ऐकू नका तिचं, मी… “झोपू दे बिचारीला”? नाही हो बाई, मी झोपलेली नाही! गोळ्या नाहीत, काही नाही, हात धड आहे माझा, आत्ता या हातानं फडकी पिळली मी… बारके, हात काढ फोनवरून! त्यांना ऐकू दे! बाई, जागी आहे मी, चांगली जागी आ—