किल्ली कुणाकडे?

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक आई, तिची तिशीतली लेक आणि मामा बसले होते. आईचं उद्या ऑपरेशन होतं.

“मी बघून आलोय, ताई. संस्था चांगली आहे. छकुलीची कायमची सोय होईल.”

“आणि तिचं काम?”

“हॉटेलातल्या टॉवेलांच्या घड्या घालणं, हे काय काम झालं? तिथे इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही.”

“एक दिवस गेली नाही तर त्यांचा फोन येतो रे.”

“आणि तुझं काही बरंवाईट झालं, तर फोन मला येईल! माझ्या जिवाला घोर लागलाय.”

“मला नाही लागला? पण तिला विचारलंस?”

“तिला काय कळतंय?”

“मामा, मी इथेच बसलेय.”

“हो गं राणी. अगं, तिथे टीव्ही आहे, मोठी बाग आहे.”

“बागेतून बाहेर जाता येतं?”

“कशाला जायचंय? फाटकाला कुलूप असतं. काही भीती नाही.”

“किल्ली कुणाकडे?”

“तिथल्या बाईंकडे.”

“आमच्या घराची माझ्याकडे असते. कामावरून आले की मीच दार उघडते.”

“दिवसाचं ठीक आहे गं. रात्री एकटी राहशील?”

“एकटी कशाला? शेजारच्या काकू येणारेत झोपायला. मी विचारलं त्यांना.”

“अगंबाई! कधी विचारलंस? मला बोलली नाहीस ती?”

“काल. तू मोरीत नळ सोडून रडत होतीस ना आई, तेव्हा.”