न दिसणारं गिऱ्हाईक

मग विश्वास ठेवायचा कुणावर, साहेब, तुम्हीच सांगा — डोळ्यांवर की मोबाइलवर? बसा, तो खोका सरकवा बाजूला, रिकामाच आहे. परवाना बघितलात, साठा तपासलात, निघालं काही? नाहीच निघणार. अठ्ठावीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे — माणूस पायरी चढतो तेव्हाच कळतं, याला दारूची बाटली द्यायची की घरचा रस्ता दाखवायचा. या फळीच्या आत डोकावा — सात फोटो. कुणाच्या बायकोने, कुणाच्या आईने आणून दिलेत — भाऊ, ह्याला देऊ नका. नाही देत! एकजण तर मिशी उतरवून आला. म्हटलं, मिशी गेली, पण ओठावरची पांढरी पट्टी कुठे लपवाल? सातवा होय? ते... आमचे दादा. थोरले. यकृताने हात टेकलेत, डॉक्टर म्हणाले एक घोटही विष. वहिनींनी स्वतः चिकटवलाय तो.

आणि आलं हे घरपोच. दुकान माझं, बाटली माझी, मध्ये कंपनी तिसरीच. मोबाइलच्या पडद्यावर ऑर्डरचा आकडा येतो, ना नाव ना तोंड. तुमचा नियम चांगलाय हो — दारात ओळखपत्र बघा, माणूस शुद्धीत आहे का बघा, त्याच्या हातातच द्या. पण त्या पोचवणाऱ्या बाईला दिवसाला तीस घरं! तिने बेलसुद्धा वाजवली नाही, चपलांच्या कपाटात ठेवली नि गेली, आणि दादा तीन दिवस सलाइनवर. आता काम जाणार तिचं — जाणारच, नियम मोडला की —

काय? कपाट? तुमच्या कागदावर नुसतं 'दाराबाहेर' आहे? ...असेल. मला कसं म्हणजे — गिऱ्हाइकाची सूचना आमच्या चिठ्ठीवर येते ना. 'बेल नको. कपाटात, खालच्या खणात, जुन्या बुटात.' हो, वाचली. वाचूनच पिशवी बांधली. वहिनींना दादांच्या लपवलेल्या बाटल्या कुठे सापडायच्या, सगळ्या घराला ठाऊक आहे, साहेब. हात थबकला माझा — शप्पथ सांगतो, थबकला. पण त्या आठवड्यात दोन ऑर्डरी नाकारल्या होत्या, तिसरी नाकारली की कंपनी दुकान यादीत तळाला ढकलते. मनाला म्हटलं, जुने बूट काय, कुणाच्याही घरी असतात. अठ्ठावीस वर्षांत असा आंधळा झालो नव्हतो. काल दवाखान्यात वहिनींनी विचारलं, "भाऊजी, कुणी दिली हो?" मी म्हटलं, कंपनीने. त्यांनी मान हलवली, आणि मलाच चहा आणून दिला.

नको, धीर नका देऊ. पेन आहे ना उघडं? बेल न वाजवल्याचं तिच्या नावावर घाला, ते तिचंच. पण ओळखून दिल्याचं तिच्या नावावर नको. तुमचा हिशोब खरा ठेवा, साहेब — लिहा, धाकट्या भावाने दिली. आणि निघा आता.