पानाबाहेरची रिकामी चौकट

विहारात जमलेल्या भावा-बहिनींनो, अन् वहिनी,

माईक हातात देला, तं बोलतो. मी सलीम, मोर्णा नदीपलीकडचा प्रेसवाला. मिलिंद लग्नपत्रिकांच्या फाईली कॉम्प्युटरवर तयार करे, मी छापायचो. दुकानात येतानाच सलाम करे. आज गोड बोलाव म्हनतात. मी खरं बोलतो. मले त्या माणसाचा संशय होता. अन् चांगलाच होता.

त्याची कोनतीही फाईल उघडली, की पहिले स्क्रीनवर पाटी यायची: एक फॉन्ट सापडत नाही. मी शब्दनशब्द तपासायचो. पत्रिकेत त्या फॉन्टचं एक अक्षर नसे. म्हनलं, "मिलिंद, फॉन्ट पाठव." तो म्हने, "लागतच नाही भाऊ, पुढं जा." लागत नाही, तं कॉम्प्युटर मांगते काहून?

मंग एक दिवस पानाबाहेर, कोपऱ्यात, एक चौकट सापडली. रिकामी. जुन्या फाईली पाह्यल्या. सगळ्याईत होती. फॉन्ट तिचाच. रिकामी चौकट कोन ठेवते, सांगा बरं? मी समजलो, हा खूण ठेवून राहिला. त्याचं डिझाईन मी दुसऱ्याले देलं, तं पकडाले. विचारलं, तं हसला. "पुसताना राहून जाते भाऊ." काय पुसताना? ते सांगितलं नाही. माहा संशय वाढला.

माह्या शबानाच्या निकाहाची पत्रिका त्याच्याकडंच होती. अर्धी झाली, अन् तो गेला. परवा वहिनीनं त्याच्याच कॉम्प्युटरवर ती उघडून देली. पाटी आली नाही, फॉन्ट तिथं होता. पानावर वर बिस्मिल्लाह, खाली पोरीचं नाव. अन् पानाबाहेर तीच चौकट, पण भरलेली. जय भीम.

वहिनी म्हने, "काम सुरू कराच्या पहिले ते हे लिहत. पाठवाच्या पहिले पुसून टाकत."

माहा संशय गेला, असं वाटते तुमाले? नाही गेला. तो पुसे काहून? पानाबाहेरचं छपत नाही, हे त्याले ठाऊक होतं. गिऱ्हाइकाले फाईल दिसत नाही. फाईल फक्त माह्याकडं येत होती. मंग तो कोनापासून लपवत होता? एवढी वर्सं एका कपातला चहा अर्धा अर्धा पेलो आमी.

शबानाची पत्रिका आज मशीनवर चढते. चौकट मी पुसली नाही.

आता सारे उभे राहू, दोन मिनिटं. त्याच्या पहिले एकच. रोज तो मले सलाम करे, माह्या रीतीनं. मी रोज जवाब देला. त्याच्या रीतीनं मी त्याले एक दिवसही काही म्हनलो नाही.

मिलिंद, जय भीम.