भाड्याने दिलेलं मत

समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बसायची ही कुठली रीत, असं समोर बसलेल्या एक अनोळखी आजी मघापासून पुटपुटत होत्या. दाताच्या दवाखान्यात तो तरुण घरच्यासारखा पसरला होता. शेजारी त्याची बहीण मोबाइल बघून रडकुंडीला आली होती.

"दादा, त्या लेखांच्या साइटवर बाबांवरच्या माझ्या लेखाला सहाशे जणांनी मत दिलं होतं. त्या बक्षिसातून आईची कवळी होणार होती. आज बक्षीस शून्य!"

"असं कसं?"

"एकाने विरोधात मत दिलं."

आजींना राहवलं नाही. "अगं, सहाशेंपुढे एकाचं काय चालतंय?"

"आजी, तिथे माणसं मोजत नाहीत. ज्याच्याकडे त्या साइटची डिजिटल नाणी जास्त, त्याचं मत जड."

"अगं बाई! मग त्याला मतदान कशाला म्हणायचं?"

"आणि दादा, त्या विरोधात मत देणाऱ्याची स्वतःची नाणी थोडीच आहेत. बऱ्याच जणांनी आपल्या नाण्यांचं मत त्याला भाड्याने दिलंय. ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या त्या नोंदवहीत, काही लपत नाही. ही बघ यादी."

दादा सावरून बसला.

"यात तुझं नाव आहे. सगळ्यात वर."

"अगं, आठवड्याला चार नाणी देतो तो मला. मत कुठे वापरतो ते मी कधी बघितलंच नाही गं!"

आजींचा हात तोंडावर गेला. आत त्या भावंडांच्या आईच्या हिरड्यांचं माप चाललं होतं.

"त्या परक्यावर ढकलू नकोस, बाबा," आजी म्हणाल्या. "त्याने नुसतं भाडं भरलं. बहिणीविरुद्ध मत दिलंस ते तूच. आता आत जा आणि आईलाही तूच सांग."