पेपर सुटल्याची घंटा

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले संस्थेचे पदाधिकारी, आज निवृत्त होत असलेले आपले प्राचार्य, प्राध्यापकवर्ग, आजी-माजी विद्यार्थी, आणि मागे दाराला टेकून उभी असलेली पत्रेगल्लीतली काका-दादा मंडळी... बसा हो! पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखल्या होत्या, पण पाहुणे आता काही येत नाहीत.

‘आपल्या गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे’ या विषयावर मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. घंटेचा विषय काढू नका, असंही सांगितलं आहे. मी नन्सच्या शाळेत शिकलेली बाई. सांगितलेलं ऐकायची सवय आहे. त्यामुळे घंटेकडे मी लगेच येत नाही.

इतिहास छोटा आहे. आधी इथे फक्त पत्रेगल्ली होती. ट्रंका, बादल्या, डबे आणि दिवसभर ठोकाठोक. मग कुणालातरी वाटलं, विद्यादानासाठी याहून शांत जागा मिळणार नाही, आणि गल्लीच्या पाठीला पाठ लावून कॉलेज उभं राहिलं. पहिल्या परीक्षेला पहिले प्राचार्य गल्लीत हात जोडून गेले. गल्ली म्हणाली, परीक्षेपुरते हातोडे खाली ठेवू, पण पेपर सुटला की घंटा द्या, म्हणजे आम्हाला कळेल. तेव्हापासून परीक्षेत दिवसभर गाव चिडीचूप, आणि संध्याकाळी घंटा झाली की सगळे हातोडे एकदम!

आता प्रेक्षणीय स्थळे. माहितीपत्रकात एक ‘निसर्गरम्य तळं’ आहे. ते वसतिगृहाचा पाया आहे. खणून झाला आणि निधी आटला, म्हणून पाणी साचलं. दुसरी, नापासांची टेकडी. निकालाच्या दिवशी तिथे बसायला जागा नसायची. आपले प्राचार्य तिथे कितीदा गेले, हे मी आज सांगणार नाही. दोनदा.

मला ठाऊक आहे, कारण इथे शिकत असताना ते आमच्याच वरच्या खोलीत राहायचे. उंचीमुळे आई त्यांना उंट म्हणायची. “उंटा, ऊठ! पेपर काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे?” असं ती जिन्यातून ओरडली की सगळी आळी जागी व्हायची. फक्त उंट सोडून.

असो. आज कॉलेज गाव सोडून नव्या इमारतीत जात आहे. संस्थेच्या अहवालात कारण दिलं आहे, ‘गावातील गोंगाट’.

गेल्या वर्षीच परीक्षा तिकडे झाल्या. पत्रेगल्लीला मात्र कुणी कळवलं नाही. गल्ली शिरस्त्याप्रमाणे गप्प बसली. संध्याकाळ झाली, घंटा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी थोरले पत्रेवाले काका कॉलेजला खेटून असलेल्या आमच्या घराच्या पायरीशी आले.

“बाई, पेपर फारच अवघड काढलेत का हो? पोरं अजून सुटली नाहीत.”

मी आमच्या खिडकीतून कॉलेजच्या हॉलमध्ये पाहिलं. “काका, आत बाकंच नाहीत.”

“मग काय उभ्यानं लिहितात?”

“परीक्षा नव्या इमारतीत आहे, काका.”

ते पायरीवर बसले. “म्हणजे आम्ही रिकाम्या भिंतींसाठी तोंड बंद करून बसलो?” मग म्हणाले, “पण आता मधेच कसं सुरू करायचं? घंटा कुठे झाली?”

अखेर आपल्या म्हाताऱ्या शिपाईमामांनी, कुणाला न विचारता, दोर ओढला. गल्ली अशी काही वाजली! आमची आई, जिला हल्ली माझी हाकही ऐकू येत नाही, अंथरुणात उठून बसली. म्हणाली, “सुटला का गं उंटाचा पेपर?”

तर, घंटा. ती आज नव्या इमारतीत काचेच्या कपाटात जायची आहे. तिथे ती वाजणार नाही, आवाज होईल म्हणून. ट्रक दाराशी उभा आहे. पण तिचे बोल्ट गंजलेत. हातोड्याशिवाय निघत नाहीत, आणि ते काम पत्रेगल्लीचंच. सकाळी कंत्राटदार बोलवायला गेले, तर काका म्हणाले, “परीक्षा चालू आहे साहेब. घंटा झाल्याशिवाय हातोडा उचलत नाही.” परीक्षा इथे नाही, हे या वर्षी त्यांना माहीत आहे, तरीसुद्धा. कंत्राटदारांना ती थट्टा वाटली. काका थट्टा करत नाहीत.

सर, आज संध्याकाळपर्यंत आपण प्राचार्य आहात. घंटा उतरवायची तर आधी ती वाजवावी लागेल. जरूर वाजवा. गल्ली उत्तर देईल. आमची खिडकी मी उघडी ठेवून आले आहे. मग दोन पावलं आमच्याकडे या, आणि आईला आपल्या तोंडाने सांगा, की उंटाचा पेपर सुटला, आणि ही घंटा शेवटची. जरा मोठ्यानं सांगावं लागेल. ते सांगून झालं, की खुशाल घेऊन जा.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी आभारी आहे. पुन्हा बोलू देणार नाहीत, तेही समजण्यासारखं आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर शेजारीण म्हणून पोटात घाला.

मी बसते. सर, दोर डाव्या हाताला आहे.